दादी कुठल्या फोटोत आहेत?

गेल्या वर्षी रमजानमध्ये आमच्या सासूबाई अल्लाहला प्याऱ्या झाल्या. चाळिसावा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि घर शांत झाल्यावर धाकट्या नणंदेने विचारले, "भाभी, अम्मीचा एखादा चांगला फोटो असेल ना तुमच्याकडे?" आम्ही म्हटले, असेल की! त्याच वर्षी जानेवारीत अख्खे घर काशीदच्या समुद्रावर जाऊन आले होते. मुलीच्या फोनमध्ये त्या दिवसाचे २१४ फोटो होते. आम्ही दोघी पलंगावर बसून एकेक फोटो पाहत गेलो. मुले उड्या मारताना, मुलांचे अब्बा शहाळे पिताना, घोडागाडी, वाळूचा किल्ला, बर्फाचा गोळा, पुन्हा मुले. शेवटी एका फोटोत अम्मी सापडल्या. पाठमोऱ्या. एका हातात सगळ्यांच्या चपला, दुसऱ्या हातात जेवणाची पिशवी. बस्स, एवढाच.

दुसरा फोटो हजच्या पासपोर्टचा. त्यात अम्मी हसत नाहीत, कारण हसू नका असे फोटो काढणाऱ्याने बजावले होते. ज्या बाईच्या हसण्याने आमचे घर जागे व्हायचे, तिचा हसरा फोटो आमच्याकडे एकही नव्हता.

हा लेख त्या दिवसापासून मनात होता. फोटोग्राफी हा काही आमचा विषय नाही. शाळेत आम्ही मराठी आणि उर्दू शिकवतो. पण त्यानंतर आम्ही थोडे शिकलो, स्टेशनजवळच्या एका वयस्कर स्टुडिओवाल्या चाचांना प्रश्न विचारून बेजार केले आणि गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा काशीदला जाऊन आलो. जे समजले ते वाचक भाऊ-बहिणींपुढे ठेवतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. फोटोबाबत उलमांची मते वेगवेगळी आहेत, हे आम्हालाही ठाऊक आहे. आमच्या सासऱ्यांनी हयातभर भिंतीवर फोटो लावू दिला नाही. जिथे नमाज पढतो तिथे तस्वीर नको, हा त्यांचा नियम आम्ही आजही पाळतो. अल्बम कपाटात असतो. ज्या घरात फोटोच नको असतो, त्यांना आम्ही काही सांगायला निघालेलो नाही. पण आज बहुतेक घरांत रोज पन्नास फोटो निघतात आणि तरी घरातल्या मोठ्यांचा एकही फोटो धड नसतो. आमचे बोलणे त्या घरांशी आहे. मदिना शरीफचे पहिले ज्ञात फोटो १८६१ साली इजिप्तच्या सैन्यातले एक अधिकारी महंमद सादिक बे यांनी काढले आणि पुढे १८८० मध्ये मक्केचेही काढले. काचेच्या जड प्लेटा, रसायनांच्या बाटल्या, तंबू असा सगळा संसार उंटांवर लादून. आणि आपल्या खिशात फोन असून आपण दादीकडे तो वळवत नाही.

आम्ही नवलाख उंबऱ्याचे. तळेगावच्या पुढचे मावळातले गाव. समुद्र इथून दूर. खोपोलीचा घाट उतरून पेण, वडखळ, अलिबाग, चौल-रेवदंडा आणि खाडीवरचा पूल ओलांडून काशीद, असा चार-साडेचार तासांचा रस्ता. त्यामुळे समुद्र आमच्याकडे वर्षा-दोन वर्षांतून एकदा होतो आणि त्या दिवशी सगळ्यांना एकदम सगळे हवे असते. पोहणे, घोडा, भजी आणि फोटो. यातच गडबड होते.

पहिल्या सहलीचे फोटो घेऊन आम्ही चाचांकडे गेलो तेव्हा त्यांनी चष्मा वर केला, दहा-बारा फोटो सरकवले आणि विचारले, "कितने बजे निकाले?" आम्ही म्हटले, संध्याकाळी पाच-साडेपाचला. सूर्य मावळताना छान दिसतो म्हणून. ते म्हणाले, "सूरज तो छान आया, आदमी कहाँ हैं?" खरेच, सगळ्या फोटोंत आकाश सोनेरी आणि माणसे कोळशासारखी.

कारण अगदी सोपे आहे, पण आमच्या डोक्यात कधी आले नव्हते. आपला कोकणचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. संध्याकाळी सूर्य समुद्रावर असतो. माणसांना समुद्राकडे पाठ करून उभे केले की उजेड त्यांच्या पाठीवर पडतो आणि चेहरा सावलीत जातो. फोन समोरचे झगझगीत आकाश पाहतो, फार उजेड आहे असे समजतो आणि सगळा फोटो गडद करून टाकतो. सकाळी नेमके उलटे. सूर्य डोंगराच्या बाजूने, म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागून येतो. समोरच्यांच्या चेहऱ्यावर कोवळे ऊन आणि मागे निळा समुद्र. अलिबाग, काशीद, मुरूड, दिवेआगर कुठेही जा, हा हिशेब बदलत नाही. म्हणून यंदा आम्ही आदल्या संध्याकाळी पोहोचून मुक्काम केला, फजर अदा करून चहा घेतला आणि किनाऱ्यावर आलो. काशीदच्या मागे फणसाडच्या जंगलाचे डोंगर आहेत, त्यामुळे ऊन वाळूवर यायला थोडा उशीर होतो. सव्वासात ते नऊ ही वेळ आम्हाला सापडली. आणखी एक फायदा म्हणजे गर्दी नसते. ना घोडे, ना मोटारी, ना मागे भिजलेली परकी माणसे. आमच्या घरच्या बाया कधी नव्हे इतक्या मोकळ्या बसल्या.

दुपारी बारा ते तीन फोटोंच्या नादी लागूच नये. डोक्यावरचे ऊन डोळ्यांखाली काळे खड्डे पाडते आणि सगळे डोळे मिचकावतात. अगदीच काढायचा तर सुरूच्या बनात सावलीत काढावा. सावलीत सगळे सारखे दिसतात. मात्र अर्धे सावलीत, अर्धे उन्हात असे करू नये. आणि संध्याकाळीच काढायचा असेल तर सूर्य बुडाल्यावर लगेच फोन खिशात घालू नका. त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटे उजेड फार मऊ असतो.

चेहरा काळा येत असेल तर फोनच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवावे. बाजूला सूर्याचे चिन्ह येते, ते बोटाने वर-खाली केले की उजेड कमी-जास्त होतो. हे आमच्या नववीतल्या मुलीला ठाऊक होते आणि तिने आम्हाला कधी सांगितले नव्हते. आम्हीही कधी विचारले नव्हते म्हणा.

आपल्या घरांचा एक खास प्रश्न आहे, जो फोटोग्राफीच्या पुस्तकात सापडणार नाही. बायकांचा काळा बुरखा आणि पुरुषांचा पांढराशुभ्र कुर्ता एकाच फोटोत. फोन गोंधळतो. बुरखा नीट दाखवायला गेला की कुर्ता जळाल्यासारखा पांढराफटक होतो आणि कुर्ता सांभाळला की बुरख्याचा काळा डाग उरतो. चाचांनी सांगितले, उजेड किंचित कमीच ठेवा. काळे थोडे गडद राहिले तरी चालते, पण पांढरे एकदा उडाले की ते परत येत नाही. दुसरे, चेहऱ्याजवळ रंग असू द्या. यंदा नणंदेने फिक्या गुलाबी रंगाचा हिजाब बांधला, आम्ही हिरवी ओढणी घेतली आणि पुरुषांना चाचांच्या सांगण्यावरून फिके निळे-राखाडी कपडे घालायला लावले. मुलांच्या अब्बांनी कुरकूर केली, "ईद आहे का?" पण घातले. आणि हो, समुद्रावर वारा फार. ओढणीला चार पिना जास्त घ्याव्यात. निम्मे फोटो ओढणी सावरण्यात जातात.

आता माणसे कशी बसवायची ते सांगतो. आपली सवय म्हणजे शाळेच्या फोटोसारखी रांग. सगळ्यांचे हात शिवलेले. मुख्याध्यापक मध्ये. आम्ही शिक्षक, त्यामुळे आम्हाला तर ही रांग रक्तातच आहे. पण समुद्रावर रांग लावली की माणसे लहान आणि आकाश मोठे दिसते. त्यापेक्षा चटई घाला. घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला आधी बसवा, लागली तर खुर्ची द्या आणि बाकीच्यांना त्यांच्याभोवती येऊ द्या. कोणी टेकून, कोणी मागे गुडघ्यावर, मूल मांडीवर. यंदा मधोमध आमच्या फुफूसासू होत्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे. "मेरा क्या फोटो निकालते, बच्चों का निकालो," असे म्हणत उठायला लागल्या. आमच्या अम्मीही हेच म्हणायच्या आणि आम्ही ऐकायचो. या वेळी ऐकले नाही. मुलाला त्यांच्या मांडीवर बसवले. तो त्यांच्या कानात काहीतरी बोलला, त्या खळखळून हसल्या आणि मुलीने बटण दाबले. फोटोत दोघांचेही डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत. आमच्या घरातला सध्याचा सगळ्यांत लाडका फोटो तोच आहे.

लहानांचा फोटो काढताना आपणही वाळूत बसावे. उभ्याने काढला की मुलाचे डोके मोठे आणि पाय बारके येतात. फोनमध्ये 'पॉइंट पाच' असे जे बटण असते, ते कुटुंबाच्या फोटोला वापरू नये. सगळे मावतात खरे, पण कडेची माणसे ओढून ताणल्यासारखी रुंद होतात आणि नेमक्या कडेला सुनाच उभ्या असतात. त्यापेक्षा चार पावले मागे जावे. समुद्राची आडवी रेघ कोणाच्या मानेतून जाऊ देऊ नये, नाहीतर गळा कापल्यासारखे दिसते. ती डोक्यांच्या वर तरी असावी किंवा खांद्यांच्या खाली तरी. आणि ती सरळ असावी. फोनच्या सेटिंगमध्ये 'ग्रिड' चालू केले की पडद्यावर रेघा दिसतात, त्यांच्याशी जुळवून घ्यावे. उन्हात काळा होणारा चष्मा असेल तर फोटोआधी पाच मिनिटे तो खिशात ठेवावा, काच पुन्हा साधी होते. 'डोळे मिटा, तीन म्हटल्यावर उघडा' ही चाचांची जुनी युक्ती आहे. मोठ्या घोळक्यात कोणीतरी डोळे मिटतोच, ते यामुळे बरेच टळते. तरी एकाच्या जागी आठ-दहा फोटो काढावेत आणि नंतर निवडून बाकीचे पुसून टाकावेत. पुसायला हवेतच. २१४ फोटोंत माणूस हरवतो, ते आम्ही पाहिले आहे.

खारी हवा आणि वाळू हे फोनचे वैरी. आमच्या निम्म्या फोटोंवर धुके होते. आम्हाला वाटले समुद्राचे आहे, निघाले भज्यांच्या तेलाचे. लेन्स पुसायला धुतलेल्या मलमलीचा तुकडा वेगळ्या पिशवीत न्यावा. वाळू लागलेल्या ओढणीने पुसू नये, काचेवर ओरखडे उठतात. ज्यांच्याकडे मोठा कॅमेरा आहे त्यांनी किनाऱ्यावर लेन्स बदलू नये. फोन पाण्याला टिकणारा आहे असे दुकानदाराने सांगितले असले तरी खाऱ्या पाण्यावर भरवसा ठेवू नये.

आणि जो फोटो काढतो तो फोटोत नसतो. आपल्याकडे ही जागा बहुतेक वेळा आईची. फोटो काढायचा, पिशवी सांभाळायची, चपला सांभाळायच्या. फोनमध्ये दहा सेकंदांचा टायमर असतो. जेवणाच्या डब्यावर डबा ठेवून त्यावर फोन टेकवला, मागे चप्पल लावली की झाला स्टँड. टायमर लावून पळत येऊन बसेपर्यंत सगळे हसतातच, वेगळे हसवावे लागत नाही.

आता जे सांगतो ते फोटोपेक्षा मोठे आहे.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. आपल्या ओळखीच्या घरांतली मुले होती ती. आजही शाळेची सहल समुद्रावर न्यायची म्हटले की पालकसभेत कोणीतरी ती तारीख काढतेच. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. लग्नानिमित्त जमलेले घर होते, त्यात लहान मुले होती. आणि १५ जून २०२५ ला तर आमच्या उंबरठ्यावर घडले. कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीने कोसळला, चार जण गेले. नवलाख उंबऱ्याहून कुंडमळा तो किती दूर! आमच्या शाळेतली मुलेही त्या पुलावर उभी राहून फोटो काढायची. धोका आहे असा फलक तिथे होता. पण फलकाजवळ उभे राहिले की फोटो चांगला येतो, अशी आपली समजूत.

म्हणून आमच्या घरात आता नियम आहे. फोटो चालू असताना एक मोठा माणूस फोनकडे नाही, पाण्याकडे तोंड करून उभा राहील. समुद्राकडे पाठ करून कोणी मागे-मागे सरकणार नाही. "थोडे मागे, अजून थोडे मागे" हे शब्द किनाऱ्यावर, धबधब्यावर, किल्ल्याच्या तटावर तोंडातून काढायचेच नाहीत. जागा हवी असेल तर फोटो काढणाऱ्याने मागे जावे, कारण त्याच्या मागे वाळू असते.

भरती-ओहोटीचा अंदाज आपल्या घरांत तर सहज यायला हवा, कारण आपल्याला चाँदची तारीख ठाऊक असते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, म्हणजे चाँदच्या चौदा-पंधराच्या सुमारास आणि महिना बदलताना, उधाण असते. पाणी खूप आत येते आणि खूप बाहेर जाते. त्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर दुपारी बाराच्या आसपास पूर्ण भरती असते. मग ती दररोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. सात-आठ दिवसांनी ती सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास येते. कोकणातला जुना हिशेब असा की तिथीला पाऊणने गुणले की भरतीचा तास मिळतो. वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची. चाँदची तारीख तिथीच्या एक-दोन दिवस मागे असते, तेवढे मिळवावे. हा झाला अंदाज. पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला किंवा तिथल्या माणसाला विचारावेच. आम्ही गेलो तेव्हा चाँदची बारावी होती, म्हणजे भरती दहाच्या सुमारास. आठला मुलांचे अब्बा पाण्याकडे तोंड करून उभे होते. त्यांनीच ओरडून सांगितले, चटई उचला. आम्ही उठून दहा पावले गेलो असू, तेवढ्यात लाट चटईच्या जागेवरून फिरून गेली. चपलांपैकी एक कायमची गेली. फुफूंचीच होती. त्या म्हणाल्या, "समंदर का सदका."

फोटो निघाल्यावर काय करायचे, तेही सांगायला हवे. आमच्या वर्गातल्या एका मुलीने मागे आमच्याकडे येऊन रडत सांगितले होते की मामाने सहलीतला तिचा फोटो न विचारता स्टेटसला ठेवला आणि तो कुठून कुठे गेला. मामाचा हेतू वाईट नव्हता. पण आपण लग्नाचे, समुद्राचे फोटो ज्या गटांत टाकतो, त्या गटात कोण-कोण आहे हे कोणालाच ठाऊक नसते. ज्याचा फोटो त्याची परवानगी, मग ती दहा वर्षांची मुलगी का असेना. सुनेचा फोटो तिला न विचारता बहिणीला पाठवू नये. आणि मागे परकी बाई उभी असेल तर थोडे थांबून ती गेल्यावर काढावा. आपल्या बायकांच्या पडद्याची जेवढी काळजी, तेवढीच दुसऱ्यांच्या बायकांची.

आता छापण्याबद्दल. फोन हरवतो, बिघडतो, मुले नवा घेतात आणि जुन्यातले जुन्यात राहते. वर्षाला दहा-बारा फोटो तरी कागदावर घ्यावेत. नेहमीच्या चार बाय सहा इंचाच्या फोटोला १२०० बाय १८०० ठिपके पुरतात, म्हणजे वीस लाखांच्या आसपास. आजचा अगदी स्वस्त फोनही याच्या कितीतरी पट देतो. मोठा कॅमेरा हवाच असे नाही. फक्त स्टुडिओला व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवू नये, तो वाटेत आकसतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा किंवा फोन घेऊन जावे. कागद हातात आला की मागे पेन्सिलने नावे, गाव, तारीख लिहावी. हे काम शाळेतल्या मुलांकडे द्यावे, अक्षर सुधारते. अब्बांच्या कपाटात आम्हाला काही जुने फोटो मिळाले. स्टुडिओतला रंगवलेला पडदा, मागे ताजमहाल आणि चंद्र, पुढे तीन पुरुष आणि एक बाई. ती बाई कोण, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही.

मावळाचे आणि चित्रांचे नाते तसे जुने आहे. राजा रविवर्मांच्या चित्रांचा छापखाना इथे मळवलीलाच होता, दादासाहेब फाळक्यांनीही छपाईचे काम लोणावळ्यात केले. देशभरच्या घरांतल्या तसबिरी आमच्या तालुक्यातून गेल्या. आमच्या घरात मात्र अम्मींचा धड फोटो नाही.

तो पाठमोरा फोटो आम्ही चाचांकडे नेला होता. पासपोर्टवरचा चेहरा घेऊन काही करता येईल का, हसरा करता येईल का, असे विचारले. म्हणाले, आता यंत्राने सगळे होते, पण ती तुमची अम्मी नसेल. मग त्यांनी पाठमोराच फोटो थोडा मोठा करून, आकाश जरा उजळून, कागदावर काढून दिला. पैसे घेतले नाहीत. नीट पाहिले तर अम्मी पाण्याकडे बघत आहेत, जिथे मुले खेळत होती. त्या दिवशी पाण्याकडे लक्ष ठेवणाऱ्या त्या एकट्याच होत्या, हे आम्हाला तेव्हा कळले. फोटोच्या मागे धाकट्याने पेन्सिलने लिहिले आहे : दादी, काशीद, जानेवारी. हातात आमच्या चपला.